उंदरांच्या वाट्याचं औषध

अंथरुणाला खिळून पडून पडून आईच्या कमरेखाली जखम झाली, तेव्हा मी अमरावतीत पीएच.डी. करत होते. विषय होता जखमेवर ठेवायचं हायड्रोजेल. नशिबाला टोमणे मारायची फार हौस.

जिलेटिन आणि समुद्री शेवाळाची पावडर पाण्यात विरघळवायची आणि कॅल्शियम घालून घट्ट करायची. कॅल्शियम कमी पडलं की जेल शेंबडासारखं ओघळायचं. जास्त झालं की कडक होऊन जखमेला टोचायचं. मला मधलं हवं होतं: ओल धरणारं, जागेवर बसणारं आणि काढताना नवी कातडी न ओढणारं. चाचणी उंदरांवर. त्यात भारनियमन. ढवळणारं यंत्र मध्येच बंद पडायचं आणि भांड्यात नुसत्या गुठळ्या व्हायच्या. माझे गाईड म्हणायचे, "तुमच्या हाताला यश नाही." त्यांचं डोकं त्याच भांड्यात बुडवावंसं वाटायचं.

सकाळी बडनेऱ्याच्या घरी मात्र साधं गॉज, पट्टीचं जाळीदार कापड. दवाखान्यातून तेवढंच मिळायचं. कितीही सलाइन ओता, ते जखमेला चिकटायचंच. मी ओढायचे, आई किंचाळायची, बाबा अंगणात निघून जायचे. शहाणा माणूस!

एकदा तिनं विचारलं, "तू ते उंदरायले लावून राहिली, अन् मायले काहून नाही लावत?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "माणसावर वापरायची परवानगी नाही. जंतू आत गेले तर आई तुमची जाईल आणि गाईडशिप माझी." बरोबर बोलत होते ते, म्हणूनच जास्त राग आला. उंदरांच्या पाठीवर जखम आम्हीच पाडायचो आणि वर इलाजही त्यांचाच करायचो.

शेवटी जेलचा एक घाणा जमला. उंदराच्या पाठीवरून जेल अलगद सुटलं, खाली गुलाबी कातडी शाबूत. मी नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला बसले आणि आईला सगळं सांगून टाकलं.

"मंग आता त्या उंदराचं काय?"

"मारायचा. जखम आतून कशी भरली ते बघायला."

तिनं उशी घट्ट धरली. मग म्हणाली, "त्याले बरं करून मारता, अन् मले ना बरं करत, ना मारत. वढ आता."

मी ओढलं. गॉजला कातडी चिकटून आली. त्या दिवशी आई किंचाळली नाही. मी किंचाळले.