टेलिप्रिंटरवरची गुंडी

सोमवार, ९ मे १९७७. तारघरातला जुना टेलिप्रिंटर औरंगाबादला परत पाठवायचा, म्हणून मी तो रॉकेलच्या चिंधीने पुसायला घेतला. त्याच्या कळा जड, बोट खोलवर दाबावं लागे. मधल्या ओळीतल्या एका कळेवर शर्टाची गुंडी चिकटवलेली होती. मी ती नखाने उचकटायला लागले.

"बाई, तेवढी गुंडी फेकू नका," शेजारच्या खुर्चीवरून आमचे तारबाबू म्हणाले.

मी नोकरीला लागले तेव्हापासून ते त्याच खुर्चीवर आहेत. तारेचा मजकूर स्वतः कधी वाचत नाहीत. "वाचा बाई, तुमचा आवाज रेडिओवानी हाये," म्हणतात. मी वाचते, ते खिडकीकडे तोंड करून कळा बडवतात. मयताची तार असली की दोनदा वाचायला लावतात. मला तो त्यांचा तोरा वाटे.

"नवं यंत्र आलंय. आता गुंडी कशाला?"

"त्याच्या कळा सगळ्या सारख्याच गुळगुळीत. बोट कुठं ठेवावं ते कळून न्हाई राह्यलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टर म्हणला, उरली नजरबी जाईल. पेन्शन बसेस्तोवर कुणाला बोलू नका."

मी गुंडी काढून पदराच्या गाठीत बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले आणि नव्या यंत्राच्या त्याच कळेवर ती डिंकाने चिकटवली. ते आल्यावर पहिली तार वाचली. मयताची नव्हती, तरी दोनदा वाचली.