धुतल्यावर दिसलेली अक्षरं

तेलीबांध्याला गाड्यांवर जाहिरातीची चिकट फिल्म चढवायची स्पर्धा होती. आमच्या वाट्याची जुनी व्हॅन धुतली आणि माझे हात थांबले. स्टिकर कुणीतरी कधीच काढले होते. पण उन्हानं भोवतीचा रंग विटला होता, अक्षरांखालचा ताजा होता: ‘भट्टीत जळालेल्याला न्याय द्या.’ भट्टीत मेलेल्या कामगारासाठी केलेल्या आमच्याच आंदोलनाची गाडी! न्याय मिळाला नाही, गाडी तेवढी विकली गेली. आता चढवायची होती, ती भट्टी ज्याची, सिलतऱ्याच्या त्याच कारखान्याची जाहिरात.

"काहून थांबला बे? टाइम चालू आहे," जोडीदार म्हणाला.

"हे वाच."

"वाचलं. झाकायलेच तर आलो आपण!"

मी फिल्म तापवायची हीट गन खाली ठेवली. एकट्याच्यानं फिल्म ताणली जात नाही. बक्षीस गेलं. गाडी तशीच उघडी राहिली, आणि तिच्याजवळ आलेले लोक मयताच्या घरी बोलतात तसं हळू बोलत होते.