वरून बांध दिसतो का

आमच्या पॅराग्लायडिंग क्लबात अध्यक्ष नाही, सचिव नाही, लेटरहेडसुद्धा नाही. नियम एकच: ज्याच्या रानात उतराल, त्याच्या घरचा चहा पिऊनच उठायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. पण कुणाच्या हरभऱ्यात छत्रीसकट आदळून बघा, म्हणजे कळेल. शेतकरी काठी घेऊन येतो, आपण "मामा, चहा मिळंल का?" म्हणायचं, की त्याची पंचाईत होते. दारात आलेल्याला चहा नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही.

शिरूर-दौंडकडचे आम्ही आठ-दहा जण आहोत. मी वरवंडला मेडिकल चालवते. आमचे गुरू यवतचे एक चाचा, धंदा मंडप-डेकोरेशनचा. "कापड, दोरी आन् हवा," ते म्हणतात, "फरक एवढाच, मंडप उडाला की गिऱ्हाईक बोंबलतं." वाऱ्याची दिशा कळावी म्हणून त्यांनी काठीला एका जुन्या शर्टाची बाही शिवलीय. शर्ट कुणाचा ते सांगत नाहीत.

आम्ही उडतो कासुर्डीच्या वरच्या टेकडीवरून. टेकडीचा माथा एका आबांच्या नावावर. सत्तरी ओलांडलेली, मिशा अजून ताठ. एका रविवारी ते वाटेत आडवे उभे राहिले.

"आधी मला उडवायचं. मग तुमी."

"आबा, या वयात कशाला?"

"बांध बघायचाय."

टेकडीच्या पायथ्याला आबांचं रान आणि त्याला लागून धाकट्या भावाचं, आप्पांचं. आप्पा दरवर्षी नांगरताना बांध कोरतात, अशी आबांची पक्की खात्री. यावरून दोघांचं बोलणं बंद, एकमेकांच्या घरचं पाणीही बंद. सरकारी मोजणी झाली, ती आबांना पटली नाही. "मोजणीवाला खालनं बघतो. खालनं काय कळतंय? मला वरनं बघायचाय. न्हाई उडवलं तर टेकडीला तारंचं कंपाउंड घालतो."

आता इथं मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आठवडाभर मी खोकल्याची औषधं आणि मूळव्याधीची मलमं देते, घरी जाऊन भाकऱ्या थापते आणि सासूबाईंच्या मालिकेची कथा ऐकते. रविवारी त्या टेकडीवरून पाय सुटले की मी कुणाचीच कुणी नसते. ती टेकडी गेली असती तर मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं.

त्यामुळं आबांना उडवायचं ठरलं. दोघांच्या छत्रीत प्रवासी पुढं आणि चालवणारा मागं, एकाच पट्ट्यांत बांधलेले. चाचा आणि आबा मिळून वजन जेसीबीएवढं, म्हणून काम माझ्याकडं आलं. आबा बिथरले.

"बाईच्या मांडीवर बसून जाऊ व्हय? गाव काय म्हणंल?"

"गाव खाली राहील, आबा," चाचा म्हणाले.

धोतरावर ट्रॅकपँट चढवली. हवेत धोतर सुटलं असतं तर आमच्याकडं दोन छत्र्या झाल्या असत्या. हेल्मेटखाली टोपी ठेवायचा हट्ट मात्र आबांनी सोडला नाही.

आम्ही उतारावर धावलो. म्हणजे मी धावले, आबा दुसऱ्याच पावलाला बसून मोकळे झाले. तरी वारा चांगला होता, उचललं त्यानं. आबा मान खाली घालून बघत राहिले. खाली हायवे, खुटबावकडचे उसाचे हिरवे पट्टे, ट्रॅक्टरची धूळ. मला वाटलं, म्हातारा हरखला.

हरखला कसला. रान दिसल्याबरोबर आबा डावीकडं वाकले. प्रवासी ज्या बाजूला वाकतो, छत्री त्याच बाजूला वळते. मी सरळ करावी, आबांनी परत वाकावं. "आबा, नीट बसा!" "बसतो की, जरा थांब!" असल्या घिरट्यांत आमची उंची गेली. नेहमीचं उतरायचं मोकळं रान काही हाती लागणार नव्हतं. समोर उरला आप्पांचा कांदा.

तेवढ्यात आप्पा दिसले. हातात भलामोठा बांबू घेऊन ते कांद्यातून आमच्याच दिशेनं पळत होते, तोंडानं काहीतरी ओरडत.

"बघ! बघ!" आबा गरजले. "बांबू घिऊन आलाय! मी सांगत व्हतो का न्हाई? ये की! ये, तुझ्या आयला!" दोघांची आय एकच, हे त्या उंचीवर त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

मग मला वायर दिसली. आप्पांनी विहिरीच्या मोटरीसाठी खांबावर आकडा टाकला होता आणि ती चोरीची वायर लाकडी मेढींवरून थेट कांद्याच्या आडवी गेली होती. मागच्या रविवारी ती नव्हती. काळी, बारीक, आमच्या पायांच्या बरोबर वाटेत. वळायला उंची नव्हती. मला माझी मुलगी आठवली आणि मी आबांना एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही.

आप्पा आमच्याकडं आलेच नाहीत. ते खांबाशी पोचले, बांबू वर घातला आणि एका हिसक्यात आकडा पाडला. वायर मेढींवरून लोळत खाली आली. आम्ही तिच्यावरून घसरत कांद्यात जाऊन बसलो, वर छत्री पडली आणि आत ट्रॅकपँटमधले आबा खोकत राहिले.

आप्पांनी छत्री ओढून काढली. धाप लागली होती. "मेला असतास की रं!" ते ओरडले. "कवाधरनं बोंबलतोय, वायर हाय, वायर हाय! ऐकू येत न्हाई व्हय?"

आबा हेल्मेट काढून त्यात टोपी शोधत बसले.

मी माझा पाय चाचपला, शाबूत होता. मग म्हणाले, "आप्पा, चहा मिळंल का?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्यासाठी विष मागवलं. "नियम म्हंजी नियमच का?"

"नियमच, आबा. तुमच्या टेकडीवरून उडणाऱ्या सगळ्यांना."

आप्पांच्या ओट्यावर भावजयीनं बशीसकट कप आणून ठेवला आणि आत जाऊन दाराआडून बघत राहिली. आबांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ नुसता फुंकला. मग प्यायले.

आप्पा खाली बघतच म्हणाले, "मग? दिसला का बांध?"

आता आबांच्या तोंडून काय निघतं यावर टेकडी अवलंबून होती.

"कशाचा बांध," आबा म्हणाले. "तूच दिसलास. पळत व्हतास." बशी खाली ठेवली. "गुडघं गेल्यात तुझं, आन् कांद्यातनं पळतोस. पडला असतास म्हंजी?"

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, दादाला अजून च्या आण. साखर घाल, त्याला गोड लागतो."