गेरूखालचे फोड

आकुर्डीच्या माझ्या दवाखान्यात गर्दी असते ती गजकर्णाची. कंपनीतून सुटलेली माणसं घामेजल्या युनिफॉर्ममध्येच येतात. मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम चोपडून आधीच वाट लावलेली असते. वीस वर्षं तेच तेच बोलून मला आता वैताग येतो.

त्या संध्याकाळी पुनावळ्याची एक बाई सासूबरोबर आली. चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाईनवर कामाला. कमरेभोवती गेरूचा जाड लेप. सासू म्हणाली, "नागीण हाय म्याडम. तोंडाला शेपूट लागायला दोन बोटं ऱ्हायलीत." नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातं, ही समजूत. त्या धास्तीनं बाई महिनाभर नीट झोपली नव्हती.

गेरू धुवायला लावला. खाली मऊ, लिबलिबीत फोड, कमरेच्या दोन्ही बाजूंना. तोंडातही चट्टे. नागीण एकाच बाजूला उठते. हा पेम्फिगस वाटत होता, शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटतं तो आजार, क्वचितच दिसतो. औषध वर्षानुवर्षं, आणि न घेतलं तर जिवावर बेततं.

मी म्हणाले, "ही नागीण नाही."

पुढचं बोलायच्या आत दोघी हसायलाच लागल्या. सासूनं माझ्या पायांना हात लावला. बाहेर माणसं खोळंबली होती. मी तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढला, गोळ्या लिहिल्या, "बंद करू नका, आठवड्यानं या," एवढं म्हटलं आणि पुढचा नंबर बोलावला. खरं सांगते, त्या दिवशी कुणाचं हसू मोडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

ती आली सव्वा महिन्यानं. नागीण नाही म्हणून देवीला नारळ फोडला आणि गोळ्या सोडून दिल्या होत्या. पाठ सोलून निघालेली, पाणीही गिळवत नव्हतं. मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. चूक माझी होती. दार लावून घेतलं, तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. तुकड्याच्या तपासणीत पेम्फिगसच निघाला होता. आजच मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायचं. गोळ्या कितीतरी वर्षं. त्यांनी अंग सुजेल, साखर वाढेल, लाईनवरचं काम कदाचित जाईल.

तिनं विचारलं, "आन् नागीण असती तर?"

"तीन-चार आठवड्यांत बरी झाली असती."

"मंग नागीणच का न्हाई झाली मला?" ती म्हणाली, आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.