लोकरीतली ओल

परवा घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीच्या वासानं धाराशिवचा तो दिवस पुन्हा आठवला. अणदूरकडच्या एका म्हाताऱ्या विणकराची सरकारी निविदा मी भरून दिली होती, वसतिगृहाला शंभर घोंगड्या पुरवायच्या. एकही घोंगडी दोन किलोला कमी भरली तर सगळा माल परत, अशी अट होती. नमुना मी भर पावसाळ्यात तोलला होता, बरोबर दोन किलो. माल घेऊन धाराशिवला गेलो ते मार्चअखेर. कचेरीच्या तापलेल्या पायऱ्या चढताना एकदम ध्यानात आलं, की त्या दोन किलोंत लोकरीनं धरलेली ओलही होती. चार घरांनी सहा महिने खपून विणलेला माल, आणि चूक माझी. लिपिकानं पहिली घोंगडी काट्यावर ठेवली तेव्हा मी सोबत आलेल्या विणकराजवळ सरकलो. "काका, वजन कमी भरेल," मी त्यांच्या कानाशी कसंबसं म्हणालो. "न्हाय कमी भरायचं," ते म्हणाले. "तुमी पावसात तोलत हुता तवाच म्या वळखलं, सायबाला आकडा कळतो, लोकर न्हाय. समद्या वीतभर जास्त इनल्यात." काटा दोन किलोंच्या पुढं गेला. तरी शंभरावी उतरेपर्यंत मी खाली बसलो नाही. अजूनही नमुन्याच्या वजनापुढं मी महिना लिहितो.