ईमेल, परीची शिंक आणि नसीमआपा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या करमाडच्या शिवणखोलीचा ईमेल बंद पडला. आम्हाला कळलं पुढच्या सोमवारी. सहा बायका एका खोलीत शिवायला बसल्या की किस्से चिंध्यांसारखे साचतात, झाडले तरी संध्याकाळी तेवढेच. त्यातले हे ईमेलचे.

आम्ही तान्ह्या बाळांची दुपटी, टोपडी शिवतो. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याला नमुने दिले होते. पसंत पडले तर ईमेल येणार होता, आणि त्या सोमवारनंतरच्या बुधवारी पाचच्या आत आमचा होकार गेला नाही तर काम दुसऱ्याला. सहाजणींच्या अख्ख्या हिवाळ्याचं काम! आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. शिक्षण सातवी, पण इंग्रजी अक्षरं वाचता येतात म्हणून.

*

आमच्याकडं पद्धत अशी, की ईमेल टाकला की लगेच फोन करून सांगायचं, "ईमेल टाकलाय हां, बघा." समोरचाही तेच करतो. मग बोलणं फोनवरच उरकतं आणि ईमेल कुणी उघडत नाही. म्हणून सहा दिवस कुणाचं काही अडलंच नाही.

सोमवारी सकाळी गुंड्यावाल्याचा फोन आला. आमच्या मुख्य सुमनताईंनी उचलला. तो म्हणाला, "ताई, ईमेल परत आला. तुमचा पत्ताच नाही म्हणतंय."

"मग हा फोन कुणी उचलला?" सुमनताई म्हणाल्या.

*

मी तपासलं. आमच्याच पत्त्यावरून आमच्याच पत्त्यावर ईमेल टाकला, लगेच आला. आमची वेबसाइट बनवणाऱ्या दिलीपभाऊंना शहरात फोन करून सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे.

"वहिनी, तुम्ही चहा स्वयंपाकघरातून बैठकीत नेला," ते म्हणाले. "दार उघडं आहे का, ते बाहेरच्याला विचारा."

बाहेरचे म्हणजे आमचे हे. त्यांनी आपल्या मोबाइलवरून ईमेल टाकला. तोही परत आला!

*

दिलीपभाऊंनी विचारलं, नेमकं कधीपासून? मी वही काढली. माझी परी दोन वर्षांची. तिचा ताप, उलटी, सगळं वेळ टाकून लिहायची मला सवय, ईमेलही त्याच वहीत. वाचून दाखवलं:

"मंगळवार. १०.५५, धागेवाल्याचा ईमेल. ११.१०, दिलीपभाऊंचा फोन, नवी वेबसाइट सुरू झाली. ११.२०, परीला एक शिंक."

त्यानंतर शिंका लई, ईमेल एकही नाय.

दिलीपभाऊ म्हणाले, "वहिनी, शिंकेचं माहीत नाही. ईमेल मात्र माझ्यामुळंच बंद पडला."

वेबसाइट नव्या कंपनीकडं हलवताना डोमेनच्या सेटिंगमधली एक ओळ लिहायची राहिली होती. तिला एमएक्स म्हणतात. आलेलं टपाल कुठं टाकायचं, हे तीच ओळ सांगते.

*

ओळ त्यांनी लगेच लिहिली. पण म्हणाले, ही खबर जगभर पोचायला दोन दिवसही लागतील. म्हणजे बुधवार गेला! दवाखान्यात फोन लावला, तर एकच उत्तर, जे काय ते ईमेलवरच कळेल.

आमच्या सहाजणींतल्या नसीमआपा काजं करत होत्या. सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "दुनियेला दोन दिवस? करमाडला अर्धा घंटा बस होतो."

चपला घातल्या आणि गिरणीकडं गेल्या. दळण काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजला. दवाखान्यातल्या खरेदीच्या मॅडम.

"तुमचा ईमेल बिघडलाय ना? आमच्या आयाबाई करमाडच्या, त्यांनी सांगितलं. मग लिफ्टवाल्यानं सांगितलं, मग कॅन्टीनच्या मावशींनी. नमुने पसंत आहेत. तुमचा होकार समजू?"

"व्हय," मी म्हणाले.

"आणि परीची शिंक थांबली का?"

"थांबली."

"मग तुमच्या आपांना तेवढं पुढं कळवायला सांगा. इथं सगळे विचारतायत."