डब्याची सुनावणी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या ऑफिसात तर त्यांना ठेवायला जागाही नाही. एका कपाटात फायली, दुसऱ्यात सॅम्पलचे डबे, आणि उरलेल्या जागेत मी. तरी साचतातच! निवेदन दिल्लीला जातं, त्याची पोचसुद्धा धड येत नाही. पण ते निवेदन लिहिताना जे काही घडतं ते इथेच राहतं. मग चहाला चार माणसं टेकली की कुणीतरी म्हणतं, "राणे मॅडम, तो पवारांचा सांगा ना."

भाईंदर पूर्वेला स्टीलचे डबे आणि भांडी बनवणारे बरेच छोटे कारखाने आहेत. त्यांची एक असोसिएशन आहे आणि मी तिची ऑफिस सेक्रेटरी. परळची जागा सोडून आम्ही इथे सिल्व्हर पार्कात राहायला आलो, तेव्हा घराजवळ काहीतरी हवं म्हणून ही नोकरी धरली. टायपिंग, मीटिंगचा चहा, गणपतीची आरास, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. मग परदेशातून येणाऱ्या स्टीलच्या पत्र्यावर जादा ड्युटी, म्हणजे आयात कर, बसवावी अशी मागणी इथे पत्रा बनवणाऱ्या मोठ्या मिलवाल्यांनी केली. सरकार म्हणालं, आधी सगळ्यांचं ऐकून घेऊ. त्या 'सगळ्यां'त आम्हीही आलो!

•

पवारशेठ मूळचे गुहागरकडचे. पॉलिशच्या कामाला भाईंदरला आले आणि आता त्यांचा स्वतःचा गाळा आहे. चौदा माणसं, बहुतेक त्यांच्याच वाडीतली. एका सकाळी ते एक जाडजूड पाकीट घेऊन आले.

"मॅडम, हे कोर्टाचं आहे की टॅक्सचं?"

मी वाचलं. पत्र्यावर ड्युटी बसवण्याविषयी चौकशी सुरू आहे, आपण त्यात 'इंटरेस्टेड पार्टी' आहात, तर आपलं म्हणणं कळवा, असं होतं.

"त्यांना कळवा," पवार उठतच म्हणाले, "मला यात काही इंटरेस्ट नाही."

मी त्यांना परत बसवलं. म्हटलं, शेठ, इंटरेस्टेड म्हणजे ज्याच्यावर परिणाम होणार तो. आपण बाहेरचाच पत्रा वापरतो. तो महागला तर आपला डबा महागणार, आणि महागला की कोण घेणार?

पवारांनी पत्राची घडी करून पाकिटात घातली आणि म्हणाले, "मग असं लिहा. इंटरेस्टेड नाही, टेन्शनमध्ये आहे!"

•

या कामात प्रत्येक कागदाच्या दोन प्रती द्याव्या लागतात. एक खरी, फक्त सरकारसाठी. दुसरी सगळ्यांना वाटायची, त्यात धंद्याची गुपितं झाकायला आकड्यांच्या जागी टाईपरायटरवरच्या फुल्या, आम्ही म्हणतो चांदण्या, टाकायच्या. मिलवाल्यांची ती दुसरी प्रत आली. पानंच्या पानं चांदण्या! आमचे अध्यक्ष हसमुखभाई, लंच बॉक्स बनवतात, त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, मिलवाल्यांनी अर्ज पाठवलाय का आकाश?"

पण पवारांना ती कल्पना फार आवडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची प्रत पेननं झाकून आणली. मशीन किती, माल किती, माणसं किती, सगळीकडे चांदण्या. आणि सगळ्यात वर, कारखान्याचं नाव असतं तिथेही तीन चांदण्या.

"शेठ, नाव का झाकलं?"

ते खुर्चीच्या पाठीकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्हीच यात टाईप केलंत ना, धंदा अडचणीत येणार, कामगार कमी करावे लागतील. माझ्या थोरलीचं जमत आलंय. सासरकडच्यांनी हे वाचलं तर?"

आपल्याकडे घरातली अडचण चार भिंतींच्या बाहेर जाऊ देत नाहीत, आणि सरकार सांगतं, अडचण आहे तर पुराव्यानिशी मांडा. ज्याला जास्त मदत हवी त्यानं जास्त रडून दाखवायचं. आमची माणसं आयुष्यभर नेमकं उलटं शिकलेली.

थोरलीचं लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. नाव मात्र मी त्यानंतरच उघडं केलं!

•

पहिली सुनावणी व्हिडिओवर झाली. हसमुखभाईंनी ऑफिसात माझ्या टेबलावर लॅपटॉप लावला, मागे बाप्पाचं कॅलेंडर येईल अशी खुर्ची फिरवली. त्यांचा नंबर आला आणि शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीन सुरू झालं. धाड्! हसमुखभाई एक वाक्य बोलणार, धाड्! दुसरं बोलणार, धाड्! पडद्यावर मिलवाल्यांचे वकील गालात हसत होते.

शेवटी सुनावणी घेणारे साहेब वैतागले. "ये आवाज़ किसकी है? प्लीज़ बंद करवाइए."

हसमुखभाईंनी हात जोडले. "साहब, उसी को बंद करवाने तो सामनेवाली पार्टी आई है!"

मशीन वाजतच होतं. साहेबांनी मग ते बंद करायला सांगितलं नाही.

•

पण ते साहेब बदलले. आणि नियम असा, की ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल द्यायचा. म्हणजे सुनावणी पुन्हा पहिल्यापासून, आता दिल्लीत समोरासमोर. या वेळी पवारांनी बोलायचं ठरलं, आणि सोबत मी जायचं.

ते केबिन रोडवर ब्लेझर घ्यायला गेले. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "शादी है सेठ?"

"नहीं, सुनवाई है."

दुकानदाराचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "किसकी?"

"डब्बे की."

त्यानं ब्लेझर गुपचूप पिशवीत घातला. आणि घासाघीस न करताच भाव कमी केला!

•

दिल्लीच्या त्या ऑफिसच्या दारात सामान तपासतात. वकिलांच्या चाकांच्या बॅगा सरसर आत गेल्या. पवारांची पिशवी मशीनमध्ये गेली आणि पडदा काळा झाला. नुसतं स्टील! गार्डनं मोठा डबा बाहेर काढला. उघडला तर आत डबा. त्याच्या आत डबा. असे सात. सगळ्यात लहान उघडला तर आत सुक्या खोबऱ्याची चटणी.

"ये क्या है?"

"एक्झिबिट नंबर सात," पवार म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता आम्हाला इथूनच परत पाठवणार. पण गार्ड डब्याच्या झाकणावरच्या कमळाच्या ठशाकडे बघत होता. त्यानं त्यावर बोट फिरवलं. "ये कमल वाला तो हमारे घर में है. माँ आटा रखती है."

पवारांनी मान डोलावली. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "मॅडम, आपला डबा आपल्या आधीच दिल्लीला पोचलाय. आपल्यालाच कुणी सांगितलं नव्हतं."

•

हॉलमध्ये मिलवाल्यांचे वकील तासभर बोलले. आलेख, रंगीत रेघा, अस्खलित इंग्रजी. त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं हो. स्वस्त पत्र्यामुळे त्यांच्याकडच्याही माणसांच्या नोकऱ्या जात होत्या, ते ऐकताना मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. मग साहेबांनी घड्याळ बघितलं. छोट्या उत्पादकांना दोन मिनिटं!

पवारांनी इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. मी लिहून दिलेलं. उभे राहिले, 'रिस्पेक्टेड सर' म्हणाले, आणि पुढचं सगळं गेलं. मी खालून ओठ हलवत होते, त्यांना दिसतच नव्हतं. ब्लेझरमध्ये घाम फुटलेला.

साहेब चांगले होते. म्हणाले, "हिंदी में बोलिए, आराम से."

पवारांनी पिशवीतून दोन डबे काढून टेबलावर ठेवले. पहिल्याच्या झाकणावर अंगठा टेकवून जोर लावला. काही झालं नाही. "साहब, ये आज का डब्बा." मग दुसऱ्यावर तोच अंगठा टेकवला. टक्! झाकणाला खळगा पडला. "पत्रा महँगा होगा तो मैं ये बनाऊँगा. क्योंकि गिऱ्हाईक दाम वही देगा. पतला करना पड़ेगा."

मग त्या खळग्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहब, ड्युटी काग़ज़ पे नहीं बैठती. यहाँ बैठती है."

दोन मिनिटं पूर्ण झाली नव्हती. साहेबांनी तो डबा मागून घेतला आणि स्वतःच्या अंगठ्यानं दाबून पाहिला. टक्!

•

बऱ्याच महिन्यांनी निकाल आला. पत्र्यावर ड्युटी बसली, पण डब्याला लागतो तो पत्रा तेवढा वगळला. हसमुखभाईंनी पेढे वाटले. पवार मात्र माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझं नाव कुठेय ते दाखवा."

मी सगळा निकाल चाळला. मिलवाल्यांची नावं होती, वकिलांची होती. पवारांचं कुठेच नव्हतं. शेवटी शेवटी एक ओळ सापडली, 'एका वापरकर्त्याने झाकणावर अंगठ्याने दाब देऊन मुद्दा स्पष्ट केला.' मी ती ओळ वाचून मराठीत सांगितली. मला वाटलं, ते हिरमुसतील.

ते म्हणाले, "म्हणजे नाव नाही, पण अंगठा आहे." मग हसले. "चालतंय की. आमच्या बापानं जन्मभर तोच लावला."

•

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

पवारांच्या गाळ्याला लागून कुंदाताईंचा गाळा. कुंदाताई रोह्याच्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं काम पुढे चालवलं. डब्याच्या दोन्ही बाजूंना लावतात त्या क्लिपा त्या बनवतात. हाताखाली नऊ बायका. पवार वर्षानुवर्षं त्यांच्याच क्लिपा लावायचे. मग बाहेरून निम्म्या भावात क्लिपा यायला लागल्या आणि पवारांनी त्या घ्यायला सुरुवात केली. कुंदाताईंना ते ठाऊक होतं. दोघंही त्याविषयी बोलत नसत.

पुढे क्लिपांवरही ड्युटी बसवायची का, हा विषय निघाला. मागणी करणाऱ्यांत कुंदाताई होत्या. विरोध करणाऱ्यांच्या यादीत पवार. दोघंही आमचे मेंबर! हसमुखभाईंनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, आपण दोघांचेही कागद टाईप करायचे आणि तोंड बंद ठेवायचं."

मुंबईत सुनावणी झाली. आम्ही एकाच गाडीतून गेलो, एकाच गाडीतून आलो. साहेबांनी दोघांचे पत्ते पाहून विचारलं होतं, तुमचं काही नातं आहे का? कुंदाताई म्हणाल्या, "भिंत एक आहे." पवार बोलले, कुंदाताई बोलल्या.

त्या प्रकरणाचा निकाल लागून गेला. कुंदाताईंच्या बाजूनं, थोडीशी ड्युटी बसली. दोन्ही गाळे चालू आहेत. पण किस्सा निकालाच्या आधीचा आहे.

सुनावणीनंतर प्रत्येकानं लेखी म्हणणं द्यायचं असतं आणि त्याची एक प्रत विरोधी पक्षाला देऊन सही घ्यायची असते. पवारांचं म्हणणं बाहेरच्या क्लिपा मागवणाऱ्या आयातदारांच्या वकिलानं इंग्रजीत करून पाठवलं. पवार मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच देऊन या ना. मला नाही जमणार."

मी गेले. पण ते मागोमाग आलेच. गाळ्याच्या दारात, आत न येता उभे राहिले. बायका क्लिपा मोजून पुड्यांत भरत होत्या, त्यांचे हात थांबले.

कुंदाताई म्हणाल्या, "मला इंग्रजी येत नाही. वाचून सांगा."

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. बाहेरची क्लिप स्वस्त आहे. माल वेळेवर येतो. कुंदाताई मान हलवत होत्या. मग आलं, इथल्या क्लिपेची तार काही महिन्यांत तुटते.

"थांबा." त्यांनी दाराकडे पाहिलं. "पवारभाऊ, माझी तार कधी तुटली?"

पवार खाली बघत म्हणाले, "वकिलानं लिहिलंय, ताई."

कुंदाताईंनी टेबलावरची एक क्लिप उचलली, तार पुढे मागे वाकवली. तुटली नाही. मग तीच क्लिप माझ्यापुढे धरली. "तार नाही तुटत. हे बघा, इथे ही पिन आहे. ही वर्षभरात सैल होते, मग क्लिप हलते. त्यांच्या क्लिपेची नाही होत. तार काढा, पिन लिहा."

पवार पहिल्यांदा आत आले. "ताई, अहो, हे तर तुमच्याच विरोधात जाईल!"

"विरोधात तुम्ही आहातच," कुंदाताई म्हणाल्या. "खोटं कशाला?"

मी ऑफिसात जाऊन ओळ बदलली, पवारांनी वकिलाला फोन केला, आणि नवीन प्रिंट घेऊन आम्ही दोघं परत गेलो. कुंदाताईंनी ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून घेतली. पिनेची ओळ आली तेव्हा म्हणाल्या, "हां, आता बरोबर."

आणि खाली 'मिळाली' असं लिहून सही केली.